वकील बाळासाहेब खेर

मराठीत ‘वकील’ हा शब्द आज कोर्टकचेरीपुरता उरला आहे. पूर्वी तसे नव्हते. पेशव्यांचा वकील दिल्लीच्या दरबारी असे, इंदूरच्या होळकरांचा वकील पुण्यास असे. धन्याचे म्हणणे परक्या दरबारात मांडावे, तिकडची बित्तंबातमी धन्यास लिहावी आणि बोलावणे येताच परतावे, हे त्याचे काम. मराठी पवित्र शास्त्रातही पौलाने आपल्या सेवेला वकिलीच म्हटले आहे, ते याच जुन्या अर्थाने.

हे दोन्ही अर्थ ज्यांच्या आयुष्यात उतरले असे एक मराठी गृहस्थ म्हणजे बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर. धंद्याने ते सॉलिसिटर होते. पुढे ते मुंबईचे दोन वेळा मुख्य प्रधान झाले, आणि त्यानंतर स्वतंत्र भारताचे हाय कमिशनर म्हणून लंडनला गेले. आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल. तरुणांना मात्र मुंबईत वांद्र्याची खेरवाडी एवढीच त्यांची खूण राहिली आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखे त्यांच्या चरित्रात बरेच आहे. त्यात अडचणीचे जे आहे तेही आम्ही येथे वगळलेले नाही.

रत्नागिरी ते विल्सन कॉलेज

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीस एका मध्यम स्थितीच्या ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपण मात्र जमखंडी संस्थानातील कुंदगोळ या लहान गावी गेले. हे गाव आज कर्नाटकात, धारवाड जिल्ह्यात आहे. संगीताची आवड असणाऱ्यांना ते सवाई गंधर्वांचे गाव म्हणून ठाऊक असते. भोवतालचा सारा मुलूख कानडी. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, ही स्थिती इंदूरच्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाखल झाले. स्कॉटिश मिशनरी रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली लावलेल्या रोपट्याचा हा वृक्ष. बाळासाहेबांच्या वेळी प्रिन्सिपल डॉ. मॅकिकन कॉलेजचा कारभार पाहत होते. येथून बाळासाहेब १९०८ साली पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दलचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळवले. मिशनच्या कॉलेजात शिकलेला हा विद्यार्थी शेवटपर्यंत श्रद्धावान हिंदूच राहिला. आपल्या मिशन संस्थांनी किती माणसे घडवली याचा हिशेब करताना आपण पुष्कळदा केवळ मंडळीचे रजिस्टर उघडून बसतो. त्या रजिस्टरात नाव नसलेली अशी कितीतरी माणसे त्या शिक्षकांच्या हाताखालून गेली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायद्याचे शिक्षण पुरे करून ते सॉलिसिटर झाले आणि १९१८ साली भागीदारीत त्यांनी आपली पेढी सुरू केली. धंदा उत्तम चालू लागला. परंतु १९२२ च्या सुमारास ते स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे काम पाहू लागले, आणि तेथून मार्ग बदलला. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना आठ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९३२ साली पुन्हा पकडले गेले; या वेळी शिक्षा दोन वर्षांची होती. ज्या कायद्यावर घर चालत होते, त्याच कायद्याने त्यांना कैदी केले.

न मागितलेली खुर्ची

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. नेतेपद नरिमन यांच्याकडे जाईल अशी बहुतेकांची समजूत होती, कारण मुंबई शहरात त्यांचे नाव मोठे होते. प्रत्यक्षात निवड झाली खेरांची. नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर पक्षपाताचा आरोप केला. गांधीजी आणि बॅ. बहादुरजी यांनी चौकशी करून निकाल नरिमन यांच्या विरुद्ध दिला, तरी कडवटपणा राहिला तो राहिलाच. अशा वातावरणात १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेबांनी कारभार हाती घेतला. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला मुख्य प्रधान म्हणत. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयांवर वेतन घ्यायचे नव्हते. चांगली चालणारी पेढी असलेल्या माणसाला ही रक्कम थोडीच होती.

मंत्रिमंडळात कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, अण्णासाहेब लठ्ठे, डॉ. गिल्डर अशी माणसे होती. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारजमा झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९३८ साली कायदा झाला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली. मूलोद्योगावर आधारलेल्या वर्धा शिक्षणयोजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय सल्लागार मंडळाने ज्या समित्या नेमल्या, त्यांचे अध्यक्षपदही खेरांकडे आले.

समोरच्या बाकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत. बाबासाहेब जन्माने आमच्या शेजारचे. इंदूरजवळच्या महू छावणीत १८९१ साली त्यांचा जन्म झाला. कोकणातील खोती पद्धत नष्ट करावी म्हणून त्यांनी १९३७ साली विधेयक आणले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन ते मुंबईत विधानसभेवर गेले आणि त्यांच्या शिष्टमंडळाने मुख्य प्रधानांची भेट घेतली. खेर स्वतः रत्नागिरीत जन्मलेले. खोताच्या हाताखालचे कूळ कसे जगते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरी ते विधेयक त्या वेळी पास झाले नाही. त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक सरकारने आणले, आणि त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. बाबासाहेब त्याच्या अग्रभागी होते. त्या दिवशी गोळीबारही झाला. गांधीजींच्या विचाराचा माणूस खुर्चीवर असताना रस्त्यावर गोळी चालावी, हा डाग त्या कारकिर्दीच्या हिशेबात मांडलाच पाहिजे.

युद्ध सुरू झाले. हिंदी लोकांना न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला म्हणून काँग्रेसच्या आदेशावरून सर्व प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर खुर्चीवरून उठले. दुसऱ्या वर्षी त्यांनी ठाणे जिल्ह्यातील वारली आणि इतर आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळ काढले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये पुन्हा स्थानबद्ध झाले ते जुलै १९४४ मध्ये सुटले.

दुसरी कारकीर्द

१९४६ च्या वसंतात ते पुन्हा मुख्य प्रधान झाले आणि एप्रिल १९५२ पर्यंत राहिले. शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा, १९४८ चा कूळकायदा, हरिजनांना मंदिरे खुली करणारा कायदा, हिंदूंमधील द्विभार्याप्रतिबंधक कायदा हे सर्व या सहा वर्षांतले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. त्याच सुमारास धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आणि अहमदाबादला गुजरात विद्यापीठ उभे राहिले. शिक्षणावर खर्च किती करावा याचा विचार करणाऱ्या देशव्यापी समितीचे ते अध्यक्ष होते. केंद्राने आपल्या उत्पन्नाचा दहावा आणि प्रांतांनी पाचवा हिस्सा शिक्षणाला द्यावा, अशी त्या समितीची शिफारस होती. आणि ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी मोर्चा आणला होता ती नष्ट करणारा कायदाही अखेर याच सरकारने केला. विधेयकापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे गेली.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याशी आपल्या मंडळ्यांचाही संबंध आला. प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचे काय करायचे, हा प्रश्न होता. कायद्यात धार्मिक विधीसाठी वेगळ्या परवानगीची तरतूद ठेवलेली होती. बहुसंख्यांचा कायदा करताना अल्पसंख्यांच्या वेदीची आठवण राहिली, ही गोष्ट लहान खरी, पण विसरू नये अशी आहे.

ठाण्याच्या वारल्यांच्या बाबतीत मात्र चित्र दुहेरी आहे. आदिवासी सेवा मंडळ काढणारे खेर मुख्य प्रधान असतानाच किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वारल्यांची ती हकिगत मांडली आहे. गरिबांची सेवा करणे आणि गरीब स्वतः उठून उभे राहिले तर ते सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळासाहेबांना पहिली साधली, दुसरी साधली नाही.

याहून मोठे ओझे १९४८ च्या जानेवारीचे. २० तारखेला दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ बाँब उडाला आणि मदनलाल पाहवा पकडला गेला. मुंबईच्या रुइया कॉलेजातील प्रा. जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने अशा कटाविषयी आधीच सांगितले होते. २१ तारखेला जैन बाळासाहेबांना भेटले. बाळासाहेबांनी ती माहिती गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे सोपवली. मोरारजींनी पोलीस अधिकारी नगरवाला यांना कळवले आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेस सरदार पटेलांच्या कानावर घातले. तरी ३० जानेवारीला जे व्हायचे ते झालेच. पुढे १९६६ साली नेमलेल्या कपूर आयोगाने या दहा दिवसांची बारकाईने तपासणी केली. पोलिसांकडून कुठे ढिलाई झाली हे त्यात दिसून आले. बातमी मिळाली, वरपर्यंत पोचवली, आणि तरी ज्यांच्या शब्दावर आपण तुरुंगात गेलो तेच वाचले नाहीत, हे ज्याच्या वाट्याला आले त्या माणसाला पुढची नऊ वर्षे कशी गेली असतील, याची कल्पनाच करावी.

विरोधकासाठी मोकळी केलेली जागा

बाळासाहेबांच्या आयुष्यातील आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्याआधी सहा महिने घडली. बाबासाहेब आंबेडकर घटनासमितीवर १९४६ साली बंगालमधून निवडून गेले होते. फाळणी ठरली, बंगालचे दोन तुकडे झाले आणि बाबासाहेबांची जागा गेली. घटनासमितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी खेरांना पत्र लिहिले. बाबासाहेबांचे काम इतके मोलाचे आहे की त्यांना गमावून चालणार नाही, तेव्हा मुंबईतून त्यांना ताबडतोब निवडून पाठवावे, असा त्या पत्राचा आशय होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबईची एक जागा रिकामी झाली होती. त्या जागेवर जुलैमध्ये बाबासाहेब निवडून आले, आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली तेव्हा ते तिचे अध्यक्ष झाले.

मुंबईच्या विधानसभेत मते काँग्रेसची होती आणि त्या पक्षाचे नेते खेर होते. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या सरकारविरुद्ध मोर्चा आणि संप उभा केला, त्यांना निवडून देण्याचे काम आता त्यांच्याकडे आले होते. मनात आणले असते तर उशीर करायला, दुसरे नाव पुढे करायला सबबी पुष्कळ सापडल्या असत्या. तसे झाले नाही. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे श्रेय बाबासाहेबांचेच. परंतु देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या हातात लेखणी राहावी म्हणून ज्यांनी वेळेवर दार उघडले, त्यांत खेरांचे नाव येते.

लंडन

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर २१ एप्रिलला मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले. बाळासाहेब चौसष्टीला आले होते. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना लंडनला पाठवले.

हाय कमिशनर म्हणजे काय, हे मुले विचारतील म्हणून येथे सांगतो. एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रात आपला राजदूत ठेवते. राष्ट्रकुलातील देश मात्र एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात त्याला हाय कमिशनर म्हणतात. भारत १९५० साली प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात राहिला, म्हणून लंडनमध्ये आपला हाय कमिशनर. त्याची कचेरी ऑल्डविच भागातील इंडिया हाऊस. बाळासाहेबांच्या आधी त्या जागी कृष्ण मेनन होते आणि नंतर विजयालक्ष्मी पंडित आल्या. पहिले तीक्ष्ण जिभेबद्दल जगभर प्रसिद्ध, दुसऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झालेल्या. दोघांच्या मधली दोन वर्षे हा शांत कोकणी सॉलिसिटर तेथे होता. ज्या सरकारने चार वेळा तुरुंगात टाकले, त्याच सरकारच्या राजधानीत तो आता एका स्वतंत्र देशाच्या वतीने बसला होता. १९५३ च्या जूनमध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला तो याच काळात.

राजकारणातून मुत्सद्देगिरीत गेलेले ते एकटेच नव्हते. नेदरलँड्सचे डर्क स्टिक्कर हेही १९५२ सालीच लंडनला आपल्या देशाचे राजदूत होऊन आले. स्टिक्कर आधी एका प्रसिद्ध बिअर कारखान्याचे संचालक, मग परराष्ट्रमंत्री. इंडोनेशियावरची डच सत्ता १९४९ साली संपली ती त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात. लंडननंतर ते वर वर चढत गेले आणि १९६१ साली नाटो या लष्करी संघटनेचे सरचिटणीस झाले. एक बिअर विकणारा, दुसरा दारूबंदी करणारा. एकाच्या देशाने वसाहत नुकतीच सोडलेली, दुसऱ्याचा देश वसाहतीतून नुकताच सुटलेला. दोघांचे दप्तर एकाच शहरात होते. स्टिक्करना लंडन ही पुढची पायरी ठरली. खेर मात्र १९५४ साली घरी परतले. त्याच वर्षी पद्मविभूषण हा सन्मान प्रथमच देण्यात आला. पहिल्या मानकऱ्यांच्या यादीत कृष्ण मेनन आणि बाळासाहेब खेर ही दोन्ही नावे आहेत.

भाषेचा प्रश्न

परतल्यावर विश्रांती मिळाली नाही. राज्यघटनेच्या ३४४ व्या कलमाप्रमाणे जून १९५५ मध्ये राजभाषा आयोग नेमला गेला आणि अध्यक्ष म्हणून खेरांना बोलावणे आले. केंद्राच्या कारभारात इंग्रजीच्या जागी हिंदी केव्हा आणि कशी आणायची, हा प्रश्न होता.

खेरांचे स्वतःचे मत सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले होते, आणि त्यावर पुष्कळ पालक नाराज होते. इंग्रजी शिकून मोठा झालेला आणि इंग्रजांच्या देशात वकिली करून आलेला माणूस आमच्या मुलांची इंग्रजी का लांबवतो, असा त्यांचा रोख. आयोगाचा अहवाल १९५६ साली सादर झाला. प्रौढ मतदानावर चालणाऱ्या देशाचा कारभार मूठभरांच्या भाषेत कायम चालू शकत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. मात्र बदलाचे पक्के वेळापत्रक त्याने घालून दिले नाही. बंगालचे सुनीतिकुमार चतर्जी आणि मद्रासचे सुब्बरायन यांनी आपली भिन्न मते जोडली. हिंदी नसणाऱ्यांवर हिंदी लादली जाईल, ही त्यांची भीती होती. १९६५ साली मद्रास राज्यात जे आंदोलन पेटले त्यावरून ती भीती पोकळ नव्हती हे दिसले.

इंदूरच्या वाचकाला हा वाद घरचा आहे. १९१८ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले ते याच शहरात, आणि १९३५ साली पुन्हा आले. खेरांचा अहवाल तयार झाला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि येथील मराठी माणूस कायमचा हिंदी राज्याचा नागरिक झाला. आमच्याकडे प्रार्थना मराठीत होते, मुले शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, आणि शब्बाथशाळेत गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी हा प्रश्न शिक्षकांपुढे दर आठवड्याला येतो. आयोगांना जे सुटले नाही ते आपल्याला वर्गात चाळीस मिनिटांत सोडवावे लागते. कुंदगोळच्या त्या मुलाने तीन भाषांत आयुष्य काढले आणि एकीचाही तिरस्कार केला नाही, एवढे तरी मुलांना सांगता येईल.

शेवट

१९५६ साली गांधी स्मारक निधीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते काम फार दिवस करता आले नाही. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी तयार केलेल्या अहवालावर संसदेत चर्चा होण्याआधीच ते गेले.

वकिलाच्या हातून चुका होतात. पाठवणाऱ्याचा शब्द कधी अपुरा पोचतो, कधी उशिरा पोचतो, आणि बाळासाहेबांच्या बाबतीत दोन्ही घडले. पण दोन वेळा मिळालेली खुर्ची त्यांनी आपली मानली नाही. उठायची वेळ आली तेव्हा ते उठले, पाठवले तेथे गेले, आणि बोलावल्यावर परत आले. आपल्या मंडळ्यांत पंचायतीच्या, ट्रस्टच्या, शाळेच्या कमिटीच्या खुर्च्या आहेत. एकेका खुर्चीवर वीस वीस वर्षे बसलेली माणसे आहेत, आणि निवडणूक आली की प्रकरणे कोर्टात जातात. तेथे विरोधकाच्या गुणाकडे पाहून त्याला जागा करून देणारा कोणी आढळला, तर त्याची गोष्ट आम्हाला अवश्य कळवावी. ती आम्ही आनंदाने छापू.